खाडीचा म्हणून सोसलेला वास

नेरुळच्या घरात राहायला गेलो तेव्हा पाणी घरात कसं येतं आणि घरातून कसं जातं, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. लालबागच्या चाळीत पाण्याशी आमचा संबंध एवढाच होता की पहाटे नळ आला की पिंप भरायचं आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं. ते पुढे कुठे जातं हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. त्यामुळे घरातल्या घरात संडास, वेगळं न्हाणीघर, ओट्याला बेसिन आणि मागे धुण्याभांड्यांसाठी छोटी गॅलरी असं सगळं एकाच कुलपाच्या आत मिळालं, तेव्हा आनंदाबरोबर थोडं बावचळल्यासारखंही झालं. सासूबाई पहिल्या दिवशी सगळीकडे फिरून आल्या आणि म्हणाल्या, एवढ्याशा घराला इतकी भोकं कशाला ठेवलीत?

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती ती. घरात आम्ही चौघं. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायचा. मी नव्यानेच निघालेल्या एका प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. माझी धाकटी नणंद पदवी घेऊन टायपिंग शिकत होती, आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. चौथ्या सासूबाई. थोरले दीर चाळीतल्या खोलीतच राहिले होते, म्हणून सासूबाईंचा एक पाय तिकडेच असायचा.

आमची बिल्डिंग तीन मजली. आम्ही मधे. खालच्या फ्लॅटला कुलूप, मालक अजून राहायला आलेला नव्हता. वर नांदेडकडचं एक कुटुंब होतं. तिथल्या वहिनी माझ्याहून थोड्या मोठ्या, शांत, कुठलीही गोष्ट दोनदा बघून मग बोलणाऱ्या. त्यांच्या डोक्यावर गच्ची.

घरात सामान ठेवायला जागा कमी पडायला लागली तेव्हा नवऱ्याने मागची गॅलरी बंद करून घेतली. बाहेरून लोखंडी जाळी, वरून पत्रा, आतून काचेच्या सरकत्या खिडक्या. त्या काळी सगळेच तसं करत होते. गॅलरीच्या कोपऱ्यात पाणी जायला जाळीचं भोक होतं. त्यातून झुरळं नाहीतर उंदीर वर यायला नकोत म्हणून त्याने त्यावर पत्र्याचा तुकडा टाकला, पत्र्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर सासूबाईंची मोठी लोखंडी ट्रंक. शेजारी धान्याची कोठी. धुणं-भांडी आम्ही न्हाणीघरातच करायला लागलो. गॅलरी बंद केल्यावर घर किती मोठं झालं, असं येणारा-जाणारा म्हणायचा, आणि नवरा खूश व्हायचा.

वास कधी सुरू झाला हे नक्की सांगता येणार नाही. ऊन तापायला लागलं होतं एवढं आठवतं. दुपारी शाळेतून घरी आले की दार उघडताक्षणी काहीतरी नाकात शिरायचं. कुजकं, कोंदट, थोडं गोडसर. पाचेक मिनिटांत ते जाणवेनासं व्हायचं, आणि मग मला वाटायचं की मघाशी आला तो भासच असेल.

नवऱ्याने ठरवून टाकलं की हा खाडीचा वास. सारसोळ्याच्या पलीकडे खाडी आहेच, पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, वारा तिकडून येतो. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. आम्ही खिडक्या लावून घ्यायला लागलो. खिडक्या लावल्या की वास वाढायचा. सासूबाईंनी एकदा विचारलंही, की बाहेरचा वास आहे तर खिडकी लावल्यावर कमी व्हायला हवा, हा वाढतो कसा? नवरा म्हणाला, आत शिरलेला वास कोंडून राहतो, त्याला जायला वेळ लागतो. मला दोघांचंही पटलं. त्या दिवसांत मला कोणीही काहीही सांगितलं की पटायचं, आणि दुसऱ्याने उलट सांगितलं की तेही पटायचं.

सारसोळ्याहून एक मावशी मासळी घेऊन दारावर यायच्या. सासूबाईंनी एक दिवस त्यांना तोंडावर सांगितलं की तुमच्या खाडीने आम्हाला राहणं मुश्किल केलंय. मावशींनी पाटी खाली ठेवली, दारातून आत येऊन वास घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "आमचे खाडीचा वास असा नसतं बाय. तुमचे घरान उंदीर मेलाय."

मग आम्ही उंदीर शोधला. कपाटं ओढली, गाद्या उन्हात टाकल्या, ओट्याखालचे डबे काढून पुसले. गॅलरीतली कोठी रिकामी करून तांदूळ चाळले. ट्रंक तेवढी राहिली, ती जड होती आणि तिच्याखाली उंदीर शिरायला जागाच नव्हती. उंदीर मिळाला नाही. फिनेल झालं, कापूर झाला, अगरबत्त्या झाल्या. मला माझ्याच नाकाचा भरवसा वाटेना. शाळेत मुलांच्या वह्या तपासता तपासता मी पदराचा वास घेऊन बघायचे. हा वास अंगाला लागून आपल्याबरोबर येत असेल तर? शेजारी बसणाऱ्या बाईंना विचारावंसं वाटायचं, पण काय म्हणून विचारणार?

एका रविवारी नवरा टीव्हीचा अँटेना नीट करायला गच्चीवर गेला आणि जवळजवळ धावतच खाली आला. सापडला म्हणाला. बिल्डिंगच्या मागच्या भिंतीवरून संडास-न्हाणीघरांचा जाड पाइप वर येतो, तो गच्चीच्या कठड्यापाशी तसाच उघडा सोडलेला होता. तोंडाला काही नाही. त्याने वाकून वास घेतला तर तोच वास, आमच्या घरातला. बांधकामवाल्यांनी काम अर्धवट सोडलं, असं त्याचं मत झालं. मीही वर जाऊन वास घेतला. तोच होता. इतक्या दिवसांनी एखादी गोष्ट दिसली, बोट दाखवता आलं, याचंच मला बरं वाटलं. त्याने वनस्पती तुपाचा रिकामा डबा त्या तोंडावर उपडा घातला आणि भोवती सिमेंट थापून पाइप पक्का बंद केला. संध्याकाळी आम्ही भजी केली.

वास गेला नाही. उलट आतापर्यंत तो मागच्या बाजूला असायचा, तो न्हाणीघरातही यायला लागला. आणि एक नवीनच प्रकार सुरू झाला. संडासात बादलीभर पाणी ओतलं की न्हाणीघरातल्या जाळीतून आवाज यायचा. गुडगुड, गुडगुड, आणि शेवटी एक मोठा घोट घेतल्यासारखा. कोणीतरी खाली बसून पाणी पितंय असंच वाटायचं. सासूबाई न्हाणीघरात जाताना राम राम म्हणायला लागल्या.

दोन-तीन दिवसांनी वरच्या वहिनी खाली आल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "ताई, तुमच्याकडं रात्रीबेरात्री कुणी पाणी ओततं का? आमच्या न्हाणीत लई आवाज होतो. वास बी येतो. याआधी कधीच नव्हता."

मी त्यांना आमच्याकडचं सांगितलं. त्यांना थोडा धीर आला, कारण त्यांच्या घरच्यांना वाटत होतं की वहिनींचंच काहीतरी ऐकण्यात चुकतंय. मला मात्र धीर आला नाही. वास तर वरून बंद केला होता ना? मग तो वरच्या घरातही कसा पोहोचला?

सासूबाईंचं म्हणणं होतं की वास्तुशांत घाईत उरकली, त्याचं हे फळ. नवरा म्हणायचा खाडीच. वहिनी जिन्यावरून जाताना मागच्या पाइपकडे बघायच्या.

अशातच नणंदेला बघायला उरणकडची मंडळी आली. मुलगा बंदरात नोकरीला, घरी थोडी शेती, माणसं चांगली असं मध्यस्थाने सांगितलं होतं. आम्ही सकाळपासून घर धुतलं, सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या, चंदनाच्या अगरबत्त्या लावल्या. अगरबत्ती आणि तो वास मिळून तिसरंच काहीतरी तयार झालं, ते अजून माझ्या नाकात आहे. नणंद पोहे घेऊन आली, त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिने नीट उत्तरं दिली. मुलगा तिच्याकडे बघून एकदा हसला, हे मी पाहिलं. सगळं बरं चाललं होतं.

पोहे झाल्यावर मुलाची आई हात धुवायला न्हाणीघरात गेली. त्याच वेळी मुलाचे वडील संडासात होते. त्यांनी पाणी ओतलं असणार, कारण एकदम तो आवाज झाला, नेहमीपेक्षा मोठा, आणि बाई हात तसेच ओले घेऊन बाहेर आल्या. पदर नाकाला होता. सासूबाईंनी चहा घ्या म्हटलं, तर त्यांनी उभ्या उभ्या अर्धा कप घेतला आणि कळवतो म्हणून सगळे निघाले.

आठवडाभराने मध्यस्थाकडून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

त्या दिवशी मी आणि नणंद भाजी आणायला निघालो होतो. बाजाराच्या रस्त्यावर ती म्हणाली, "वहिनी, त्यांना मी पसंत पडले नाही की आपलं घर?"

मी म्हटलं, तू कशी नापसंत पडशील. पण हे काही उत्तर नव्हतं, तिला आणि मलाही ते माहीत होतं. ती रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही, भाजीवालीसमोर बसून तोंडली निवडायला लागली.

घरी मात्र मोठं भांडण झालं. सासूबाईंनी लेकाला सुनावलं की तुझ्या या खाडीकाठच्या घरापायी पोरीचं ठरता ठरता राहिलं. तो म्हणाला की चाळीत दहा बिऱ्हाडांना एक संडास होता, तेव्हा नाही वास आला? दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडत होते असं मला वाटत होतं. पण ती खरी गोष्ट कुठली, ते माझ्या ध्यानात येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पिशवी भरली आणि थोरल्याकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की तिकडे मला श्वास तरी घेता येतो.

वरच्या वहिनींचे पापड-सांडगे त्याच सुमारास चालू होते, त्यामुळे त्यांची दुपार गच्चीवर जायची. एकदा संध्याकाळी नवरा घरी असताना त्या आल्या आणि म्हणाल्या की तुम्ही तो डबा बसवला त्याच्यानंतरच आमच्याकडं आवाज सुरू झाला, तो काढून बघू या का? नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली आणि व्यवस्थित समजावून सांगितलं. पाणी वरून खाली जातं. डबा सगळ्यात वर आहे, तिथे पाणी पोहोचतच नाही. मग वरचं तोंड बंद केल्याने खालच्या पाण्याला काय फरक पडणार? वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. त्याचं बोलणं अगदी सरळ होतं. पण दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या की कसं ते मला नाही सांगता येत, पण आधी नव्हतं आणि नंतर झालं, एवढं तर खरं आहे ना?

दोन दिवसांनी शाळेला सुट्टी होती. वहिनींनी मला वर बोलावलं. त्यांच्या हातात खलातला बत्ता होता. काढून बघू, फरक नाही पडला तर आपणच परत बसवू, असं त्या म्हणाल्या. मी डबा धरला आणि त्यांनी सिमेंटवर ठोके घातले. सिमेंट वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुटलं. डबा उचलला तेव्हा आतून फुस्स करून हवा आल्यासारखं मला वाटलं, पण तो वाराही असेल.

मी खाली आले आणि संडासात बादली ओतली. न्हाणीघराच्या दारात उभी राहून कान दिला. काही नाही. गच्चीवरून घरी उतरलेल्या वहिनींनी न्हाणीघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"ओतलं का, ताई?"

"ओतलं."

"परत ओता बरं."

मी परत ओतलं. पाणी गेल्याचा साधा आवाज झाला, बस. वहिनी खिडकीत तशाच उभ्या होत्या, मी खाली. आम्हाला हसू आलं नाही. का बंद झालं ते कळत नसल्यामुळे, बंद झाल्याची थोडी भीतीच वाटली.

आवाज गेला, न्हाणीघरातला वासही दोन दिवसांत गेला. मागचा मात्र होताच. सासूबाईंनी दिरांच्या हाती निरोप पाठवला की माझी ट्रंकेतली गोधडी पाठवून द्या. नणंदेने आणि मी ट्रंक उघडायला जराशी पुढे ओढली, आणि वास असा अंगावर आला की मी मागे सरले. ट्रंक पूर्ण बाजूला केली. गोणपाट उचललं, पत्रा उचलला. खाली ते जाळीचं भोक, कोरडं ठणठणीत, आणि कडेने झुरळं पळाली. उंदीर वगैरे काही नव्हतं. घाण म्हणावी तर तीही नव्हती. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर निघेल. निघालं नुसतं भोक.

आम्ही दुसरं काय करणार? झाडू घेतला आणि बादल्यांवर बादल्या ओतून गॅलरी धुऊन काढली. संध्याकाळपर्यंत वास गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडलं आणि घराला वासच नव्हता, तर मला आपण चुकून दुसऱ्याच घरात आलो की काय असं झालं. घाण धुतली म्हणून वास गेला, असं आम्ही धरून चाललो. पण काही आठवड्यांनी तो परत आला, आणि या वेळी तिथे कसलीच घाण नव्हती. नणंदेने पुन्हा बादलीभर पाणी ओतलं. वास परत गेला. तेव्हा ती म्हणाली की वहिनी, ह्याला धुणं नकोय, ह्याला नुसतं पाणी हवंय.

नवऱ्याला आम्ही दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या, डब्याची आणि ट्रंकेची. तो रागावला नाही. उठून गच्चीवर गेला. ओलं गोणपाट पाइपच्या तोंडावर दाबून धरलं आणि मला वरून हाक मारली. मी पाणी ओतलं, गुडगुड झाली. गोणपाट काढून परत ओतायला लावलं, झाली नाही. खाली येऊन त्याने कागदावर ते सगळं काढायला घेतलं. पाइप काढला, आमचं घर काढलं, वरचं घर काढलं, आणि पेन्सिल तिथेच थांबली. दिवसभर यंत्रांचे आराखडे काढणारा माणूस, त्याला घरातलं पाणी काढता येईना. मला त्याची कीव नाही आली, सोबत वाटली.

उलगडा झाला तो पुढे, खालच्या फ्लॅटचा मालक राहायला येण्याआधी लाद्या बदलून घेत होता तेव्हा. जाळीखाली बसवायचा बिडाचा एक वाकडा खोलगट भाग अंगणात पडला होता. मी आणि नवऱ्याने तो उलटासुलटा करून पाहिला. त्याच्या बाकात थोडं पाणी कायम साचून राहतं, आणि पाइपातला वास त्या पाण्याखालीच अडतो. वापर नसला की उन्हाळ्यात ते पाणी सुकतं आणि वासाला रस्ता मोकळा होतो. मग गोणपाटाचंही कोडं सुटलं, गच्चीवरचं तोंड पाइपात हवा यायला ठेवलेलं असतं. ते बुजवलं तर वरून जाणारं पाणी जिथून मिळेल तिथून हवा खेचतं, आणि दुसऱ्या जाळ्यांतलं साठलेलं पाणीही ओढून नेतं. म्हणजे आम्ही आधी एक वाट उघडी केली होती, आणि ती बंद करायला म्हणून बाकीच्या सगळ्या उघडल्या होत्या. हे मला आता सांगता येतं. तरी कोणी मधेच प्रश्न विचारला तर माझा गोंधळ होतो. नवऱ्याने पुढे त्या पाइपची उंची वाढवायला एक तुकडा जोडून वर जाळीची टोपी बसवली. गॅलरीतली ट्रंक पलंगाखाली गेली आणि भांडी परत मागेच घासायला लागलो.

सासूबाई श्रावणात आल्या, कोणी बोलावलं नव्हतं. घरात शिरून उभ्या राहिल्या, वास घेतला, आणि सोवळ्याचं पातळ कुठे ठेवलंय ते विचारलं.

दिवाळीनंतर नणंदेला बघायला आणखी एका ठिकाणची मंडळी आली. घर स्वच्छ, खिडक्या उघड्या, वासाचं नाव नाही. मुलाच्या वडिलांनी दोनदा संडासात पाणी ओतलं, माझे कान तिकडेच होते, काही झालं नाही. जाताना ते घराचं कौतुक करून गेले. आणि त्यांचाही नकारच आला, या वेळी कारण न देता. नणंदेने तो निरोप ऐकला आणि मला म्हणाली, म्हणजे पहिल्यांदाही वासामुळेच झालं असं काही नाही.

मी त्यावर खूप विचार केला. हे तिला बरं वाटावं असं होतं की वाईट, तेही मला ठरवता आलं नाही.

वर्षभरात तिचं लग्न झालं. ती नोकरीला लागली त्या ऑफिसातलाच मुलगा, सानपाड्याला राहणारा. बोलणी त्यांच्या घरी झाली, साखरपुडा हॉलमध्ये. आमच्या घरी त्यांच्यातलं कोणी लग्नाआधी आलंच नाही. मला वाटायचं, निदान एकदा येऊन बघून जायला हवं होतं त्यांनी. सासूबाई म्हणायच्या, नाही आले तेच बरं झालं. दोघींचंही तसं बरोबरच असेल.